थंड भट्टीवरचा तळहात

कोरपन्यात आजही सांगतात की, बाहेरून आलेल्या त्या ऑडिटरने टेबलावर मूठ आपटून आमच्या सिमेंट कारखान्याची चोरी पकडली. साफ खोटे. चोरी नव्हती आणि मूठही आपटली गेली नाही. मी तिथला मुख्य लेखापाल होतो आणि त्या खोलीत हजर होतो.

त्या पावसाळ्यात भट्टी वार्षिक दुरुस्तीसाठी बंद होती. सारा खर्च त्याच तिमाहीत धरला, तर कंपनीचा पहिला तोटा वर्तमानपत्रात छापून येणार होता. मोठे साहेब म्हणत होते, "दुरुस्ती वर्षभरासाठी आहे, मग खर्चही चार तिमाह्यांत वाटा." मी नकार दिला होता आणि माझी खुर्ची डळमळू लागली होती.

ऑडिटर म्हणून आलेले, भातशेतीच्या मूल तालुक्याकडचे ते ठेंगणे गृहस्थ कागद उघडण्याआधी भट्टीपाशी गेले. जोडे काढून त्यांनी थंड पोलादावर तळहात ठेवला आणि बराच वेळ ते तसेच उभे राहिले. साहेबांच्या खोलीत परतल्यावर त्यांना म्हणाले, "भाऊ, आमच्याकडे रोवणी आषाढात होते. धान दिवाळीले येते म्हून रोवणाऱ्या बाईले चार हप्त्यांत जेवू घालता का?"

साहेब हसले. "म्हणजे तोटा छापायचा?"

"झाला हाये, तं लपवून काऊन राह्यले?"

तोटा छापला गेला. त्यांचे नाव मी सांगत नाही; लोक त्याचीही दंतकथा करतील. माझी खुर्ची पुढच्या वर्षी गेली, हे खरे. पण त्या तोट्याखालची सही माझी आहे, आणि ती मी आजही ताठ मानेने दाखवतो.