डावीकडचा पास

तिला मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती नर्सशी वाद घालत होती. सलाईन उजव्या हाताला लावा, डावा मला मोकळा पाहिजे, असा तिचा हट्ट. नर्सला वाटलं बाई डावखुरी असेल, जेवायला-लिहायला डावाच लागत असेल. तिनं मुकाट्यानं सुई उजव्या हाताला लावली. प्रज्ञा डावखुरी नव्हती. डेंग्यूनं अंग तापलेलं, प्लेटलेट्स घसरत चाललेल्या, आणि ही बया पलंगावर पडल्या पडल्या डाव्या मुठीची उघडझाप करत होती. "फिजिओनं सांगितलंय, एक दिवस सोडायचा नाही," मला म्हणाली. मी म्हटलं, "गप पड गं. मरशील व्यायाम करून." बोलून गेले खरी. आमच्यात असंच बोलणं चालायचं, तीही हसली. दोन दिवसांनी, गुरुवारी दुपारी, गोरेगावच्या आमच्या शाळेच्या मैदानावर मी सातवीच्या मुलींना फेऱ्या मारायला लावल्या होत्या, तेव्हा तिच्या आईचा फोन आला. "शलाका, आपली प्रज्ञा गेली गं..." एवढंच म्हणाल्या. मुली पळत राहिल्या. त्यांना थांबवायचं मला सुचलंच नाही.

याला आता सहा आठवडे झाले. प्रज्ञाचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, आणि त्यात तुमची काही चूक नाही. ती भारताच्या महिला रग्बी संघात फ्लाय-हाफ होती. आपल्याकडे रग्बी म्हटलं की लोक विचारतात, ते हेल्मेट घालून खेळतात तेच ना? ते वेगळं. आमच्याकडे हेल्मेट नाही, म्हणून तर सगळ्यांचे दात, नाकं आणि खांदे आयुष्यभर बोलत असतात. फ्लाय-हाफ म्हणजे दहा नंबर. पुढे दांडग्या मुलींचा गराडा पडलेला असतो, त्यातून चेंडू उचलून मागं फेकायचा ही स्क्रम-हाफची हमाली. ती माझ्याकडे. तो चेंडू झेलायचा, आणि पळायचं, लाथ मारायची की आणखी कुणाला द्यायचा हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं ते दहा नंबरनं. म्हणजे अक्कल तिची आणि हात माझे, असं ती चारचौघांत म्हणायची. मला राग यायचा नाही, कारण ते खरंच होतं. क्लबातर्फे बारा वर्षं मी तिला चेंडू दिला. मला इंडियाकडून कधी बोलावणं आलं नाही. तिला आलं, आणि ती तीन वर्षं तिथं खेळली.

मग एका सामन्यात तिचा डावा खांदा निखळला. ऑपरेशन झालं, पट्ट्या झाल्या, महिनोन् महिने व्यायाम झाले, आणि डॉक्टरांनी सांगितलं, खांदा ठणठणीत. तो होताही. ती डाव्या हातानं पाण्याचा भरलेला हंडा उचलून दाखवायची. पण मैदानात पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. चेंडू डावीकडून, जरा उंच आला, की तिचा उजवा हात निघायचा आणि डावा क्षणभर मागं राहायचा. दुखत नव्हता, भीत होता. हाताला ते निखळणं आठवत असावं. हे बघणाऱ्याला दिसत नाही, मशीनवर कळत नाही. ज्या बाईनं वर्षानुवर्षं त्या हातांकडे बघून चेंडू फेकलाय तिलाच दिसतं.

मी काय करावं? सांगावं. सरळ सांगावं, की प्रज्ञा, तुझा डावा हात उशिरा येतोय. मी सांगितलं नाही. मी माझा पास बदलला. चेंडू जरा खाली, जरा पुढे, तिच्या उजव्या कमरेशी पडेल असा द्यायला लागले. तिथं तो उजव्या हातात अलगद बसतो, डाव्याला नुसतं येऊन टेकायचं असतं. तिचा एक चेंडू सुटेना. आमचे कोच सर खूष, म्हणायचे, "पोरगी पहिल्यापेक्षा भारी झालीय." तीही खूष. मीही खूष, खोटं कशाला बोलू? मला वाटायचं मी मैत्रिणीसाठी केवढं करतेय. खरं सांगायचं तर मला धास्ती होती. तिच्या हातून चार चेंडू सुटले तर सर तिला बसवतील आणि तिच्या जागी दुसरी कोणी येईल. मला दुसरी कोणी नको होती.

दीड वर्ष हे चाललं. मग इंडियाच्या कॅम्पचं बोलावणं आलं. चारकोपच्या तिच्या घरी त्या दिवशी काकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, शिरा केला होता आणि मी तो दोनदा मागून खाल्ला. कॅम्प दोन आठवड्यांचा होता. तिसऱ्या दिवशी ती परत आली. स्टेशनवरून घरी न जाता पाठीवरच्या सॅकसकट माझ्या दारात उभी.

"शले, एक विचारू? तू मला चेंडू कुठं देतेस?"

"म्हणजे?"

"तिकडची स्क्रम-हाफ छातीशी देते. सगळ्या जणी छातीशीच देतात यार. माझे पहिल्या दिवशी अकरा सुटले."

मी तिच्या पाठीवरची सॅक उतरवून घेतली. तिनं पुढं विचारलं नाही, फक्त म्हणाली, "उद्या मनोरीला चल."

रविवारी चारकोपचं मैदान क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात असतं, म्हणून आम्ही पूर्वीपासून मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं मनोरीला जायचो. ओहोटीला तिथली ओली वाळू कडक होते, पडलं तरी लागत नाही. त्या दिवशी आमच्याशिवाय किनाऱ्यावर सुकत घातलेली मासळी आणि तिची राखण करणारा एक कुत्रा, एवढंच होतं. ती दहा पावलांवर उभी राहिली. म्हणाली, "डावीकडून. वर. आणि हलक्या हातानं टाकू नकोस, माझी शपथ आहे तुला." मी टाकला. सुटला. पुन्हा टाकला, बोटांना लागून उडाला. तासभर मी टाकत होते आणि ती वाकून उचलून मला परत देत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. शेवटी ती वाळूत बसली आणि म्हणाली, "दीड वर्ष?"

"दीड वर्ष."

"एकदा बोलली असतीस तर... दीड वर्षात हात बसवला नसता का गं मी?"

बसवला असता तिनं. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती, दीड वर्ष हातात होतं, आणि ते मी तिला सोपे चेंडू देण्यात घालवलं. तिनं मैत्री तोडली नाही. मला ती तोडून टाकायची सवड न देता दुसऱ्याच रविवारी फोन केला, "सातची बोट. उशीर करू नकोस." पुढची दोन वर्षं आम्ही तेच करत राहिलो. डावीकडून, वर, जोरात. दहातले तीन धरायची, मग पाच, क्वचित सात. पण तोवर इंडियात तिच्या जागी एकवीस वर्षांची एक मुलगी आली होती, आणि ती चांगली होती. प्रज्ञानंच मला तिचे व्हिडिओ दाखवले, "बघ ना, काय झकास वाचते गं खेळ." सरांना मी एकदा बाजूला घेऊन विचारलं, काही चान्स? ते म्हणाले, "आता कोण बोलावणार तिला? खेळू दे. तिला बरं वाटतंय ना." सरांना माहीत होतं, फिजिओला माहीत होतं, मला माहीत होतं. तिला माहीत होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलं नाही. आमच्यात न विचारण्याची जबाबदारी जणू मीच उचललेली होती.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घरात पाय ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे काकूंशी बोलणं झालं नाही. परवा पुन्हा गेले. त्यांचं बैठं घर, पुढची खोली तिची. काकूंची धाकटी बहीण तिथं बसली होती. खिडकीच्या गजाला एक लाल रबरी पट्टा बांधलेला होता, डाव्या हातानं ओढायचा. त्याची गाठ काकूंनी सोडलेली नव्हती. खिडकी लावताना तो मधे येतो म्हणून त्यांनी ती सहा आठवडे उघडीच ठेवली होती. चहा देताना मला म्हणाल्या, "शलाका, तू तिच्याबरोबर खेळायचीस, तुला ठाऊक. आणखी किती दिवस लागले असते गं तिला परत इंडियात जायला?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. एकदा तरी खरं बोलायचं होतं मला या घरात. पण त्या माउलीनं कप धरलेला हात तसाच ठेवला होता, उत्तराची वाट बघत... माझ्या तोंडून सोपं तेच निघालं.

"दोन महिने, काकू. फार तर तीन."

मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्यांनी कप खाली ठेवला आणि बहिणीकडे वळल्या. "ऐकलंस? दोन महिने. दोनच महिने राहिले होते गं माझ्या पोरीचे..." आणि सहा आठवडे ज्या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती खिडकीतला तो लाल पट्टा मुठीत धरून ओक्साबोक्शी रडायला लागली.