तीन उंदरांची बातमी

आमच्या सरांचा मला राग होता, अजूनही आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

वाघोलीच्या एका खासगी कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. माझ्या बरोबरीच्या सगळ्या जणी संगणकाचे कोर्स करून हिंजवडीला लागल्या होत्या. मी सोन्याचे कण करत बसले होते. इतके बारीक, की पाण्यात ते पिवळे दिसतच नाहीत. चंबूतलं पाणी कोकम सरबतासारखं लाल होतं. उंदराला टोचले की हे कण गाठीत जास्त साठतात, आणि सोनं क्ष-किरण अडवतं, म्हणून सीटी स्कॅनमध्ये गाठ पांढरी उठून दिसते. आमच्याकडे ती तीन उंदरांत दिसली होती. फक्त तीन.

तेवढ्यावर सरांनी वार्ताहर बोलावला. त्याला चहा पाजला, वडा खिलवला आणि ‘लवकरच रुग्णांवर’ असं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा मथळा, आणि खाली चंबू धरून हसणारी मी. सरांच्या नावाने आज दातओठ खाते, पण आई ते कात्रण सोसायटीत घरोघर दाखवत हिंडली तेव्हा मी तिला थांबवलं नाही. हिंजवडीवाल्यांची तोंडं बघायची होती ना मला!

आठवड्याभराने एक गृहस्थ प्रयोगशाळेत येऊन उभे राहिले. वाशीमकडचे, येरवड्याला मेव्हण्याकडे उतरले होते. खिशातून त्यांनी तेच कात्रण काढलं, मग एक रुमाल उलगडला. आत मंगळसूत्राच्या दोन वाट्या आणि एक अंगठी.

“बायकोच्या छातीत गाठ हाये मॅडम. सोनं घरचंच आनलं. फक्त आमच्या डोळ्यांदेखत आटवा जी, दुसऱ्याचं त्यात मिसळू नका.”

गावाकडे सोनारासमोर ठाण मांडून सोनं आटवून घेतात, तसंच इथेही असणार, असं त्यांनी धरलं होतं.

“हे सराफाचं दुकान नाही,” मी म्हणाले. “आणि दारावर पाटी आहे, परवानगीशिवाय आत येऊ नये. वाचता येतं ना?” पुण्यात जन्मल्याचा एवढा गुण अंगात होताच.

“चुकलं जी,” म्हणत ते दोन पावलं मागे सरले. चपला त्यांनी आधीच बाहेर काढून ठेवल्या होत्या. मग सहज बोलावं तसं म्हणाले, “ऑपरेशनची तारीख परवाच होती, ती जाऊ देली. म्हटलं, तुमच्या सोन्यानं नेमकी जागा दिसली तर कमी कापा लागन.”

तो माणूस पेपरातलं माझं हसणं बघून थांबला होता. मी काही बोलणार, तोच सर केबिनमधून बाहेर आले. सगळं ऐकलं असणारच. “या, या, बसा,” म्हणत त्यांनी गृहस्थांच्या काखेतली दवाखान्याची फाईल घेऊन चाळली आणि टेबलावर ठेवून घेतली. “महिनाभरात कळवतो तुम्हाला.” मग माझ्याकडे वळून, “यांची माहिती लिहून घ्या. निधीच्या अर्जात रुग्णांची मागणी दाखवता येईल.”

काय कळवणार होता हा माणूस महिनाभरात? माणसांवर वापरायच्या परवानगीसाठी आम्ही साधा अर्जही केलेला नव्हता.

“खोटं आहे हे,” मी म्हणाले. “आम्ही हे एकाही माणसाला दिलेलं नाही, देऊ शकत नाही. उंदरांना दिलंय, तेही तीन. उद्या सकाळी दवाखान्यात जा आणि नवी तारीख मागा.”

“तुमच्या प्रबंधावर सही कोण करतं, ते बघतोच मी,” सर म्हणाले.

गृहस्थ मात्र त्यांच्याकडेच बघत होते. “पण साहेब तर महिना म्हनतात,” ते मला समजावू लागले. वयाने मोठा, केबिनवाला माणूस खोटं कशाला बोलेल? बोलत असेल तर ही पोरगीच.

तेवढ्यात एक बाई आत आली. त्यांची बायको. तिला बाहेर पायरीवर बसवून ठेवलंय, हे मला तोवर माहीतही नव्हतं. गळ्यात नुसते काळे मणी.

“त्या उंदरायचं काय झालं?” तिने मला विचारलं.

“गाठ दिसली.”

“ते नाही. वाचले काय?”

“अहो, प्रयोगात तसं नसतं...” सर घाईघाईने म्हणाले.

“नाही,” मी म्हणाले. “पुढच्या तपासणीसाठी आम्हीच मारले.”

तिने टेबलावरची फाईल उचलली. नवऱ्याच्या हातातला रुमाल घेतला.

“गाठ दिसली, उंदीर मेले, अन् फोटो तुमचा छापून आला,” ती म्हणाली. सरांना नाही, मला. मग नवऱ्याकडे वळली. “गाठ माही हाये. पेपर वाचला, साहेबाले इचारलं, मले इचारलं का कोनं? चाला. तारीख आता मीच मागीन.”