डायरेक्टरचा पहिला बोलपट

"मान वर! हात बघ, हात!"

कॅमेरा हाती आला की आमचे डायरेक्टर असे ओरडत सुटत. एका जागी म्हणून पाय ठरत नसे. मशीनभोवती नुसत्या येरझाऱ्या.

तुमच्याही कंपनीत असं एखादं पात्र असेल, बघा. हे कुरुळीचे, चाकणच्या आमच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर ऑपरेटर. नव्या कामगारांसाठी सुरक्षेच्या फिल्म हव्या होत्या. ट्रेनिंगचं काम माझ्याकडे, म्हणून मीच त्यांच्या हाती कॅमेरा दिला आणि ते सगळ्यांचे डायरेक्टर झाले. कामगार कुणी ओडिशाचे, कुणी बिहारचे, कुणी लातूरचे. बोलणार कुठल्या भाषेत? त्यामुळे साऱ्या फिल्म मुक्या. आवाज घ्यायचाच नसल्याने डायरेक्टर शॉट चालू असतानाच खुशाल ओरडून काम करून घेत.

"बोट जायला कितीसा येळ लागतो, साहेब? समजावत बसायला टाइम न्हाई," म्हणत.

मग नवे मॅनेजर आले. "हल्ली मुकं कोण बघतं? आवाज हवा." डायरेक्टर आठवडाभर बेचैन. समोरचा चहा गार व्हायचा. शेवटी माइक लावून बोलपट काढला आणि सगळ्यांसमोर दाखवला. पडद्यावरचा ऑपरेटर नम्रपणे सांगतोय, "दोन्ही हातांनी बटण दाबा," आणि त्याच्यावर गर्जना, "आरं, लग्नात फोटोला उभा हायस का? हात बघ, हात!"

जन्माची सवय, जाते कुठे! आम्ही पोट धरून हसलो. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते.

"पुन्यांदा करतो, साहेब. आता तोंड उघडणार न्हाई."

खरंच तोंडाला रुमाल बांधून उभे राहिले. पण नटांचे हातच हलेनात. एकजण म्हणाला, "भाऊ, तुम्ही वरडल्याबिगर जमत न्हाई राव."

काम हिंजवडीच्या एका एजन्सीकडे गेलं. "तो बोलपट डिलीट करा," मॅनेजर म्हणाले. मी केला. डायरेक्टर मुकाट्याने प्रेसवर परतले. रिटायर झाले आणि वर्षभरात गेलेसुद्धा.

परवा त्यांची मुलगी ऑफिसात आली. "सर, बाबा कामावर फार ओरडायचे म्हणे. घरी कधी आवाज चढवला नाही त्यांनी. तो एकदा ऐकायचा होता."

तो बोलपट मीच डिलीट केल्याचं मी सांगितलं नाही. मी जुन्या मुक्या फिल्म लावल्या. पडद्यावरची माणसं कुणाचं तरी ऐकून झटकन हात मागे घेत होती. ती रिमोट घेऊन आवाज वाढवत राहिली.