वाराबलच्या हॉलचा चौथा माणूस

व्हर्ना पोलनर ही वाराबल गावच्या हॉल कमिटीची अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार. तिन्ही पदं तिनं बळकावली, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं एकदा वार्षिक सभेला येऊन बघावं. पदं रिकामी झाल्याचं जाहीर व्हायचं, "कोण उभं राहतंय?" असं व्हर्ना विचारायची, आणि बाकीचे तिघं आपापल्या चहाच्या कपात माशी शोधायला लागायचे.

हॉल लाकूड-पत्र्याचा. खालचे लाकडी खुंट वाळवीनं पोखरले, जमीन एका अंगाला कलली, आणि नऊ वर्षांपूर्वी कौन्सिलच्या माणसानं येऊन दारावर 'धोकादायक, प्रवेश बंद' अशी पाटी ठोकली. तेव्हापासून बैठका व्हर्नाच्या स्वयंपाकघरात. आणि तेव्हापासून बाईनं एकच ध्यास घेतला, सरकारी अनुदान मिळवायचं आणि हॉल पुन्हा उघडायचा.

आठ वर्षं अर्ज केला, आठही वर्षं सरकारनं वाटाण्याच्या अक्षता लावल्या. साठ पानांचा अर्ज! त्यात 'या कामाचा लाभ किती लोकांना होईल?' हा रकाना आला की तिचं पेन अडायचं. पहिल्या वर्षी तिनं एकेचाळीस लिहिले. मग शाळा बंद पडली, फुटबॉलचा संघ चाळीस किलोमीटरवरच्या गावानं गिळला, दुकानदार किल्ली फिरवून समुद्राकाठी निघून गेला. नवव्या अर्जात तिनं सुगीत गहू न्यायला येणारे ट्रकवालेही धरले, तेव्हा कुठे आकडा तिसावर टेकला. आता याला कुणी खोटं म्हणो. माणसं येतात ती येतातच की, पंधरा दिवस का होईना!

खरं सांगायचं तर त्या अर्जाचा तिला आधारच होता. दर फेब्रुवारीत ती घरी भाजलेल्या स्कोन्सचा, म्हणजे छोट्या गोड पावांचा, डबा घेऊन पाठिंब्याच्या पत्रावर सह्या घ्यायला निघायची. नवरा गेल्यापासून घर खायला उठायचं, पण उगीच कुणाच्या दारात जाऊन काय सांगायचं, एकटं वाटतंय म्हणून आले? आमच्या मॅलीच्या या कोरड्या, गव्हाच्या मुलखात असं कुणी बोलत नाही. हातात कागद असला की जाता येतं.

आणि नवव्या वर्षी पत्र आलं. ब्याण्णव हजार डॉलर मंजूर. "मिळालं गं बाई!" ती ओरडली, आणि ऐकायला घरात कुणी नाही हे मागाहून तिच्या लक्षात आलं. पत्राच्या तळाशी अट होती. तीन आठवड्यांत कमिटीनं बैठक घेऊन अनुदान स्वीकारल्याचा ठराव करायचा, किमान चार सभासद स्वतः हजर पाहिजेत. नाहीतर पैसा यादीतल्या पुढच्या गावाला.

कमिटीत होतेच चार. व्हर्ना, केन आणि जॉस मीबस हे नवरा-बायको, आणि डॅरल ऑब्स्ट. त्यात केनची मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणून घर विकून दोघं शहरात निघाले होते, तेही मुदतीच्या शेवटच्या शनिवारी. शुक्रवारी केनचं डायलिसिस, म्हणून व्हर्नानं त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी दोनची बैठक लावली.

मीबस जोडपं वेळेवर आलं. डॅरलचा पत्ता नाही.

"तो तर नेहमी पाच मिनिटं आधी येतो," जॉस म्हणाली.

"मेंढ्या सुटल्या असतील," केन म्हणाला.

"त्याच्या मेंढ्या त्याच्याहून म्हाताऱ्या. त्या कुठे सुटतायत!" व्हर्ना म्हणाली.

सव्वादोन झाले, अडीच झाले. फोन नुसता वाजत राहिला. व्हर्नाचा जीव टांगणीला लागला. नऊ वर्षं, आणि आता एका माणसापायी सगळं पाण्यात? तिनं गाडीची किल्ली उचलली. "कुणी हलायचं नाही," ती त्या दोघांना म्हणाली, "बाथरूमलासुद्धा नाही!"

डॅरल त्याच्या अंगणातच होता. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला, आणि पिकअपमध्ये किल्ली हातात घेऊन बसलेला.

"बॅटरी गेली का रे?"

"नाही."

"मग?"

तो समोरच्या काचेतून बघत राहिला. "व्हर्ना, नऊ वर्षं मी सही करत आलो. कारण मला खात्री होती, ते पैसे देणार नाहीत."

"मेल्या! साठ-साठ पानं लिहून माझे डोळे गेले, आणि तू..."

"ऐक तरी. मुलगी फोन करते, बाबा, एकटे काय करता? मी सांगतो, अगं, हॉल बंद आहे ना. तो उघडला की दर शुक्रवारी सगळे जमतील. तिला सांगतो, आणि मलाही ते खरं वाटतं. उद्या हॉल उघडला आणि कुणीच आलं नाही, मग मी काय सांगू?"

व्हर्ना वळसा घालून त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. हॉलच्या खुर्च्यांवर ती मनातल्या मनात जी माणसं बसवायची, त्यातली निम्मी चर्चमागच्या दफनभूमीत होती आणि निम्मी गाव सोडून गेलेली. हे तिला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं.

"त्या तीस जणांत मी ट्रकवाले धरलेत," ती म्हणाली.

"वाचलं मी. आडनावं विचारली असती तर पंचाईत होती तुझी."

दोघं हसली. मग व्हर्ना म्हणाली, "मलाही भीती वाटते, डॅरल. पण त्या पाटीवर खापर फोडून फोडून मी कंटाळले. रिकामा तर रिकामा. उघडून बघू."

त्यानं किल्ली फिरवली. "उतर. तुझी गाडी तू आण. परत सोडायला मी येणार नाही."

तीन वाजून दहा मिनिटांनी केननं ठराव मांडला, जॉसनं अनुमोदन दिलं, चार हात वर झाले. शनिवारी मीबस गेले. त्यांच्या घराचे पडदे काढलेले बघून व्हर्नानं दुकानाकडे जायचा रस्ताच बदलला, दुकान कधीच बंद झालेलं असूनही.

काम पाच महिने चाललं. कंत्राटदार शहरातला, माणसं त्याची, जेवण त्यांचं ते आणायचे. खाली सिमेंटचे खांब आले, जमीन पातळीत आली, पाटी निघाली. कुणालाच व्हर्नाची सही नको होती आणि स्कोन्सही नको होते. उद्घाटनाला अधिकारी आले, सँडविच खाल्ली, फोटो काढला आणि साडेअकराला गाडीत बसले.

त्यानंतरच्या शुक्रवारी पाच वाजता व्हर्नानं हॉल उघडला. चहाचं मोठं भांडं तापत ठेवलं, वीस कप मांडले. साडेपाच झाले. सहा झाले. नवं लाकूड उन्हानं मधूनच कडकड वाजायचं, आणि दर वेळी ती दाराकडे बघायची. इतकं एकटं तिला घरातही कधी वाटलं नव्हतं.

सव्वासहाला डॅरल आला. उंबऱ्यात थांबून त्यानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नजर फिरवली.

"बाकीचे यायचेत का?"

सबबी तिच्या जिभेवर तयार होत्या. रस्ता, लोकर कातरणी, हवामान.

"नाही, डॅरल," ती म्हणाली. "बाकीचे नाहीत. आपण दोघंच आहोत."

तो टोपी काढून आत आला.

"दार लावून घेतो मग," तो म्हणाला. "वारा येतोय."