बन्सीची पावडर आन् इहिरीतले जंतू

आमच्या म्हाताऱ्याचं नाव बन्सी. नवऱ्याचं नाव घ्यायची आता कसली आलीय लाज! तीस वर्सं ग्रामपंचायतीचा पानीवाला. टीसीएल पावडरचा डबा घेऊन गावातली एकेक इहीर, एकेक टाकी फिरायचा आन् पान्यातले जंतू मारायचा. गावात हागवनीची साथ शिरली न्हाई ती ह्याच्यामुळं. एवढं खरं, बाकी घरात लई वेंधळा.

आमच्या बुद्धविहारामागची इहीर तेवढी त्यानं सोडलेली. वरच्या अंगाला लोखंडाला मुलामा चढवायचा कारखाना हुता. त्याचं पानी जमिनीत मुरलं आन् आमची इहीर हळदीवानी पिवळी झाली. क्रोमियम म्हनत्यात त्याला. कारखाना बंद पडला, इख तसंच ऱ्हायलं. सात वर्सं आमी बाया लांबनं पानी वाहतोय.

मग नगरच्या कालेजातनं वृषालीबाई आल्या. म्हनल्या, "हे विष मोडणारे जंतू असतात, मावशी." कॅन भरून जंतू आनले, इहिरीत सोडले, त्यांना खायला साखर कारखान्याची काळी मळी वतली. महिन्याभरात पिवळेपना निम्म्यावर आला! बाया काठावर उभ्या राहून नुसत्या हसायच्या.

पन मळीचा वास सुटला, वर तवंग आला. ह्याला कुठलं बघवतंय! एका सकाळी गेला आन् डबाभर टीसीएल वतून आला. वर मलाच सांगतोय, "वास गेला बघ." अगं बाई! मी कपाळाला हात लावला.

पुढच्या तपासनीला समदे जंतू मेलेले. वस्ती पेटली. माझ्या जावेचा थोरला महेंद्र वरडला, "त्या कारखानेवाल्यानंच मारले. चला त्याच्या दारात!" मानसं उठली बी. आमचा म्हातारा गप बसला असता तर कुनाच्या बापाला कळलं नसतं.

पन हा उभा ऱ्हायला. "मी टाकली पावडर. वास आला, हात ऱ्हायला न्हाई." एवढंच बोलला, मान खाली घालून. माझं काळीज तुटलं. वाटलं, हाताला धरून घरी न्यावं त्याला.

वृषालीबाई म्हनल्या, "जंतू परत आणते. पण ही शेवटची खेप. रोज लक्ष द्यायला, मळी घालायला एक माणूस लागेल. कोण करेल?"

मग महेंद्रच म्हनला, "बन्सीतात्या करतील. इहिरीचं एवढं दुसऱ्या कुनाला पडलंय?"

म्हातारा चारचौघांत ढसाढसा रडला. मी पदर पुढं केला, पन मलाच तो आधी लागला.