दाजींचा अंगठा

आपल्याला दुरुस्त करता येणार नाही अशी वस्तू या जगात अजून तयारच झालेली नाही, असं माझ्या दाजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं, स्वतःबद्दल मत आहे. कामतघरच्या कापड कारखान्यांत लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. डोळे मिटून धागा अंगठ्यात फिरवायचा आणि तो किती नंबरचा, म्हणजे किती जाड-बारीक, ते सांगायचं, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. लूमचे मालक लोक पैजा लावायचे आणि हरायचे. घरातला पंखा, मिक्सर, शेजाऱ्यांचं भांडण, सगळं त्यांनी उघडून पुन्हा जोडलेलं आहे. मिक्सर तेवढा अजून उलटा फिरतो.

असा माणूस खांदा दुखतो म्हणून डॉक्टरकडे कशाला जाईल! त्यांनी मोबाइलवरून कसल्याशा पेप्टाइडच्या इंजेक्शनच्या बाटल्या मागवल्या. तुटलेलं सगळं आतून सांधणारं औषध म्हणे. आधी स्वतःचा खांदा, मग ताईचा गुडघा, असा बेत होता. मी मेडिकलमध्ये काउंटरवर असतो, म्हणून लेबल वाचायला मला बोलावलं. फ्रिजमध्ये ठेच्याच्या वाटीशेजारी करंगळीएवढ्या बाटल्या उभ्या होत्या.

"दाजी, याला मंजुरी नाय. लिहिलंय बघा, फक्त संशोधनासाठी, माणसावर वापरू नये."

"मग मी काय करतोय? संशोधनच ना!"

"आणि तुम्ही माणूस न्हाय वाटतं?" ताई आतून म्हणाली.

लूमला नवा पार्ट बसवला की शेजारचा लूम जुन्याच पार्टवर चालवून बघायचा, ही दाजींची पद्धत. तीच त्यांनी अंगाला लावली. सुई फक्त उजव्या खांद्याला, डावा तसाच. पंधरा दिवसांत दोन्ही खांदे दुखायचे थांबले. त्या पंधरा दिवसांत लूम बंद होते आणि दाजी तीनदा वज्रेश्वरीच्या गरम कुंडात बसून आले होते, याची मी आठवण दिली.

"अरे, औषध डाव्याला पण पोचलं! बघ, काय पॉवर हाय!"

मग एकदा लूममध्ये त्यांचा उजवा अंगठा कापला. टाके न घालता त्यांनी तिथेच सुई टोचली. चौथ्या दिवशी जखम गायब. खपली नाही, व्रण नाही, कातडी मेणबत्तीसारखी गुळगुळीत. ट्यूबलाइटखाली ते अंगठा फिरवून दाखवत होते आणि मला हात लावायचा धीर होईना. ताईने तो धरला आणि लगेच सोडला. "गार लागतो रे," ती मला हळूच म्हणाली.

त्याच आठवड्यात रेशनच्या मशीनने तो अंगठा पाच वेळा नाकारला. "चाचा, ये आपका ही है ना?" दुकानदाराने विचारलं. रांग हसली, दाजीही हसले, पण घरी येईपर्यंत ते अंगठा पँटला पुसत होते. हे औषधाने झालं, जखमेने, की तीस वर्षं धागा घासून? मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही, आणि मला भीती त्याचीच वाटते.

रविवारी ताईच्या गुडघ्याची पाळी होती. अडवायचं ठरवूनच मी गेलो. ताई पाय पसरून बसली होती, सुई भरून तयार होती. दाजी मात्र धागा अंगठ्यात फिरवत डोळे मिटून बसले होते. बराच वेळ. मग तो त्यांनी ताईच्या हातात दिला.

"कितीचा हाय गं?"

लूमसाठी धाग्याच्या कांड्या भरण्यात आयुष्य गेलेली ताई म्हणाली, "चाळीसचा."

"मला काय कळंना," दाजी म्हणाले. त्यांनी सुई मोरीत रिकामी केली आणि उरलेल्या बाटल्या माझ्याकडे दिल्या. "घेऊन जा. घरात एकाचा तरी अंगठा हाय तसा राहू दे."

आजही मालक धागा घेऊन येतात. दाजी डोळे मिटतात, धागा फिरवतात, आणि मग हळूच ताईच्या हातात देतात. ती नंबर सांगते. तेव्हा माझा त्यांच्यासाठी जीव तुटतो.