बाबांची बुधवारची दाढी

फुकट दाढी करणाऱ्या माणसावर माझा पहिल्या दिवसापासून संशय. अहो, आजकाल कोण कुणासाठी फुकट पाण्याचा पेला तरी उचलतं का?

हा माणूस गावच्या चर्चचा पाळक. आधी न्हावी होता. कुणा मरणाऱ्या म्हाताऱ्याची शेवटची दाढी करताना त्याला म्हणे देव भेटला. मग दुकान विकलं आणि बायबल धरलं. आता त्याची मंडळी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरोघर जाते. बायका चादरी धुऊन आणतात, हा दाढी करतो, नखं काढतो. तुमचा देव कोणता, असं विचारतसुद्धा नाहीत. हेच मला खटकायचं. कुठेतरी पाणी मुरतंय!

माझे बाबा कारखान्यात फिटर होते. "देव भेटला तर आधी त्याचे नटबोल्ट तपासून बघीन," म्हणायचे. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत. डावं बोट वर केलं की हो, आडवं हलवलं की नाही, एवढ्यावर ते मला दिवसभर झापू शकत. परक्यासमोर मात्र लाज वाटायची. बाहेरचं कोणी आलं की डोळे मिटून ओंडक्यासारखे पडून राहायचे.

पाळक दर बुधवारी यायचा आणि खोलीचं दार लावून घ्यायचा. "ताई, ओल्या अंगाला वारा नको." भर उन्हाळ्यात कसला डोंबलाचा वारा! आत बाबांवर मंतरलेलं पाणी शिंपडतो की काय, या विचाराने माझा जीव खालीवर. बाबा धडधाकट असताना कुणापुढे झुकले नाहीत, आता त्यांना असं गुपचूप कोणी आपल्यात ओढावं? मी शिलाई मशीन दाराला खेटून ठेवलं आणि एका बुधवारी टिपा घालायच्या सोडून कान लावला.

"काका, तुम्हाला काही कळत नाही म्हणून बोलतो," पाळक सांगत होता. "बायको गेल्यापासून माझ्याकडून प्रार्थना होत नाही. पलीकडे कोणी आहे असं वाटतच नाही. रविवारी पाठ केलेलं म्हणतो. आजाऱ्यापुढे बसून खोटं बोलायला मात्र जीभ रेटत नाही. म्हणून नुसती दाढी करतो आणि जातो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. की मी ऐकतेय हे ओळखून नाटक करत होता? संध्याकाळी बाबांना विचारलं, "हाकलून देऊ त्याला?"

बोट आडवं हललं.

"अहो, तुम्हाला ठोंब्या समजतोय तो!"

पुन्हा आडवं, जरा चिडूनच.

पुढच्या बुधवारी दाढी अर्धी झाली होती आणि मंडळीचा कारभार पाहणारे पंच थेट खोलीत शिरले, मागोमाग मी. त्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्याशा घरातून तक्रार गेली होती. "पाळक घरोघर जातात, पण प्रार्थना करत नाहीत म्हणे. न्हावीकामासाठी नेमलंय का यांना? खरं असेल तर रविवारपासून दुसरा पाळक." मग माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही काही ऐकलंय?"

खरं सांगायला माझं काय जात होतं? पण मी पंचांना बसायला खुर्ची ओढून दिली. पाळकाने वस्तरा खाली ठेवला. "पंच, खरं सांगायचं तर..."

बाबांनी डाव्या हाताने खाटेवर थाप मारली. डोळे टक्क उघडे.

पंच दचकले. "यांना कळतं?"

"सगळं कळतं," मी म्हटलं. पाळकाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

पंच वाकले. "आजोबा, पाळक तुमच्यासाठी प्रार्थना करतात? हो असेल तर खूण करा."

उभ्या जन्मात बाबांना खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं. खरं बोलण्यापायी त्यांनी कारखान्यात वरची जागा गमावली होती. बोट सरळ वर गेलं आणि पंचांची खात्री होईपर्यंत वरच राहिलं. 

पंच समाधानाने गेले. पाळक मटकन जमिनीवर बसला.

"काका, पहिल्यापासून ऐकत होतात?"

बोट वर.

"मग माझ्यासाठी खोटं का बोललात?"

याला हो-नाही पुरणार नव्हतं. बाबांनी साबण लावलेला दुसरा गाल पुढे केला.